क्रीम त्वचेत किती मुरते? बटाट्यावरचा प्रयोग

शाळांची विज्ञान प्रदर्शने जवळ आली की विहारातल्या अभ्यासिकेची मुले आमच्याकडे विषय मागायला येतात. यंदा नववीच्या मुलींनी विषय स्वतःच आणला : गोरे करणारी क्रीम त्वचेत किती आत जाते? विषय उत्तम आहे. मात्र प्रयोगासाठी धाकट्या बहिणीचा हात धरायचा नाही, हे आम्ही सर्वांत आधी सांगितले.

प्रश्न नीट बांधावा लागतो. ‘कोणती क्रीम चांगली?’ हे घरच्या प्रयोगाने कळत नाही. ‘वरचा थर खरवडला तर क्रीममधला रंग जास्त आत जातो का?’ हे कळते, कारण त्यात एकच गोष्ट बदलते.

आपल्या त्वचेवर सर्वांत वर मृत पेशींचा थर असतो. जाडी मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागाएवढी, पण बाहेरचे आत येऊ न देण्याचे बहुतेक काम तोच करतो. बटाट्याच्या सालीतही मृत पेशींचा थर असतो आणि आतला गर फिका असल्याने रंग दिसतो.

नवा बटाटा नको, त्याची साल बोटानेही निघते. जुने, सारख्या आकाराचे नऊ घ्या. तीन तसेच ठेवा, तिघांची साल रुपयाएवढ्या जागेत सुईने ओरखडा, तिघांची तेवढीच साल काढा. थंडीच्या साध्या क्रीममध्ये खाण्याचा निळा रंग कालवून प्रत्येकावर पाव चमचा लावा. त्याच बटाट्याच्या दुसऱ्या बाजूला तशीच जागा करून बिनरंगाची क्रीम लावा. सोललेला बटाटा हवेने काळवंडतो, तो डाग रंग म्हणून मोजला जाऊ नये. चार तासांनी पुसून कापा. सुरी मोठ्यांनी धरावी आणि स्वच्छ बाजूकडून रंगाकडे चालवावी, नाहीतर रंग सुरीबरोबर आत ओढला जातो. खोली पट्टीने मोजून तिन्ही आकडे वेगळे लिहा, मग सरासरी काढा. शून्य आले तर शून्यच लिहा.

निष्कर्षात ‘क्रीम त्वचेत इतके मिलिमीटर जाते’ असे लिहू नये. बटाट्यात रक्त वाहत नाही, आणि खाण्याचा रंग म्हणजे औषध नव्हे. साल शाबूत असणे आणि नसणे यातला फरक, एवढेच हा प्रयोग दाखवतो.

माणसाच्या त्वचेचे आकडे तक्त्यावर वेगळे लिहावेत. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे मोजमाप प्रसिद्ध केले. कोपराखालच्या हातात जेवढे शोषले गेले, त्याच्या सहापट कपाळात आणि तेरापट जबड्यावरच्या त्वचेत. म्हणजे हातावर लावून ‘काही झाले नाही’ म्हणणारीने तीच क्रीम चेहऱ्यावर चोपडणे धोक्याचे.

बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडे महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमे येतात. थांबवले की आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते. नायट्यावर लावले तर खाज कमी होते आणि नायटा पसरतो. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की काय मिळते, ते बस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे.

बिनलेबलच्या डबीत पारा असू शकतो. तो त्वचेवाटे रक्तात जाऊन मूत्रपिंड बिघडवतो. अकोल्यातल्या एकाच घरातील तिघींचे मूत्रपिंड अशा क्रीमने बिघडल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या होत्या.

म्हणून प्रकल्पाला दुसरा तक्ता जोडा : शेजारच्या दहा घरांतल्या रिकाम्या ट्यूबा मागून घ्या, त्यावरची घटकांची नावे जशीच्या तशी उतरवा, आणि ज्यावर काहीच छापलेले नाही ती डबीही मोजा. घरमालकिणीचे नाव लिहू नका. कुणाचा चेहरा किंवा पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, तर ती डबी घेऊन सरकारी दवाखान्यात जावे आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत.