कामाचे तास आणि कामाची वाटणी : युरोपचा अनुभव व इचलकरंजीचा माग

निवासी शाळेचे वेळापत्रक आखताना पहाटेची वंदना, वर्ग, अभ्यास, श्रमदान, खेळ आणि झोप यांपैकी एकाने दुसऱ्याचा वेळ घेऊ नये याची काळजी घ्यावी लागते. जेवण वाढणे, आवार झाडणे ही कामे आळीपाळीने वाटून दिली तरच ती सर्वांना झेपतात आणि कोणाचाही अभ्यास बुडत नाही. कामाला मर्यादा असावी आणि काम वाटून घ्यावे, ही दोन तत्त्वे विद्यार्थी येथे रोज अनुभवतात. त्यांच्या आईवडिलांच्या आयुष्यात मात्र ती अनेकदा दिसत नाहीत. यंत्रमागावर बारा तासांची रात्रपाळी करून पालकसभेला आलेल्या पित्याच्या डोळ्यांवरची झोप कोणापासून लपत नाही. म्हणून कामाच्या तासांचा प्रश्न या स्मरणिकेत अभ्यास म्हणून मांडावा, असे आम्हांस वाटले.

आठ तासांचा मार्ग

आठवड्याची सुट्टी आणि ठरावीक तासांचे काम आज आपण गृहीत धरतो. परंतु ती कोणी आपणहून दिलेली नाहीत. महात्मा फुले यांचे सहकारी आणि सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८८४ पासून निवेदने, सभा यांच्या मार्गाने साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला आणि स्त्रियांच्या कामावर दिवसाला ११ तासांची मर्यादा आली. प्रौढ पुरुषांना मात्र १९११ पर्यंत कोणतीच मर्यादा नव्हती. त्या वर्षी कापड गिरण्यांपुरती ती १२ तासांची ठरली.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्या परिषदेत दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांचा करार झाला. त्याच करारात ब्रिटिश हिंदुस्थानसाठी मात्र आठवड्याला ६० तासांचा वेगळा नियम घातला गेला. युरोपातील कामगाराचा आणि आपल्या कामगाराचा थकवा निराळ्या मापाने मोजला गेला, असेच याला म्हणावे लागेल. १९२२ च्या कायद्याने ६० तास आणि १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ व दिवसाला १० तास ही मर्यादा आली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांनी एका दिवसात १४ तासांचे ८ तास केले, असे आपल्याकडील भाषणांतून पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुस्थिती अधिक शिकण्यासारखी आहे. मालक, कामगार आणि सरकार यांना एकत्र बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांतून विषय पुढे नेत, कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक मांडून, त्यांनी हे काम तडीस नेले. १९४६ च्या त्या दुरुस्तीने आठवड्याची मर्यादा ५४ वरून ४८ तासांवर आली आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात ती कायम झाली. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळावी आणि त्या फुरसतीतून त्याला ज्ञान व संस्कृती यांच्याकडे जाता यावे, हा विचार बाबासाहेबांनी आपल्या लेखनात आग्रहाने मांडला आहे. कामाच्या तासांचा आणि शिक्षणाचा संबंध त्यांच्या दृष्टीने इतका थेट होता.

इचलकरंजीचे गणित

१९२० च्या माणगाव परिषदेने पावन झालेल्या आपल्या परिसरातच इचलकरंजी आहे. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गावाचे वस्त्रनगर झाले. यंत्रमाग चोवीस तास चालतो. बहुतेक ठिकाणी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत दोन कामगार तो चालवतात. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर त्याच मागांवर तिसऱ्या माणसाला काम मिळेल आणि पहिल्या दोघांना रोज चार तास घर, मुले व विश्रांती यांसाठी मिळतील. माग वाढवावे लागणार नाहीत. मग हे होत का नाही?

याचे उत्तर मजुरीच्या पद्धतीत आहे. मागावरील मजुरी विणलेल्या कापडावर, म्हणजे मीटरवर मिळते. बारा तासांचे आठ तास केले आणि दर तोच राहिला तर कामगाराची मिळकत एक तृतीयांशाने घटते. त्यामुळे आठ तासांची मागणी कामगारालाच परवडत नाही. रोजची मिळकत कायम ठेवायची तर मालकाचा मजुरीखर्च दीडपट होतो. त्यातही स्वतः सूत विकत न घेता व्यापाऱ्याचे कापड ठरलेल्या दराने विणून देणारा खर्चीवाला मागधारक हा वाढीव भार पुढे कोणाकडे ढकलू शकत नाही. तास कमी झाले तर त्या कमी झालेल्या तासांची मजुरी कोणी भरायची, ही या प्रश्नाची खरी गाठ आहे. ती सोडवण्याचे प्रयत्न युरोपातील देशांनी कसे केले, ते आता पाहू.

युरोपातील चार प्रयोग

फ्रान्सने सरकारच्या मदतीने मार्ग काढला. तेथे १९३६ मध्ये ४० तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा हे कायदे झाले. १९८२ मध्ये ३९ तास झाले. पुढे मजूरमंत्री मार्तीन ओब्री यांच्या १९९८ व २००० च्या कायद्यांनी कायदेशीर आठवडा ३५ तासांवर आला. काम वाटले जाऊन बेकारांना रोजगार मिळावा हा उद्देश उघडपणे सांगितला होता. मासिक पगार सहसा घटवला गेला नाही. मालकांवरील भार हलका व्हावा म्हणून सरकारने त्यांच्या सामाजिक विम्याच्या हप्त्यांत सवलत दिली. सुमारे साडेतीन लाख रोजगार वाढले असा अंदाज आहे, परंतु त्यावर अर्थतज्ज्ञांत आजही वाद आहे. सार्वजनिक रुग्णालयांत तास घटले आणि पुरेशी भरती वेळेवर झाली नाही, तेव्हा परिचारिकांवरील ताण उलट वाढला.

जर्मनीत कामगार संघटनांनी पुढाकार घेतला. धातू उद्योगातील कामगारांनी १९८४ मध्ये ३५ तासांसाठी मोठा संप केला आणि टप्प्याटप्प्याने १९९५ मध्ये पश्चिम जर्मनीत ते साध्य झाले. फोक्सवॅगन कंपनीत १९९३ च्या अखेरीस सुमारे ३०,००० नोकऱ्या धोक्यात होत्या. तेव्हा संघटना व कंपनी यांनी ३६ ऐवजी २८.८ तासांचा, चार दिवसांचा आठवडा मान्य केला. बोनस व रजेचे वेतन मासिक पगारात वळते करून महिन्याचा पगार जवळपास तेवढाच ठेवला. वर्षाची मिळकत मात्र घटली. काहींचे काम पूर्ण जाण्याऐवजी सर्वांनी थोडे सोडले.

जर्मनीतच मंदीच्या काळासाठी अल्पकाळ-कामाची योजना आहे. कारखान्याला काम कमी पडले तर कामगाराला काढून न टाकता तास कमी करायचे आणि बुडालेल्या निव्वळ वेतनाचा ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के, भाग रोजगार विम्यातून द्यायचा. २००९ च्या मंदीत तेथील उत्पादन सुमारे पाच टक्क्यांनी घसरले, तरी बेकारी फारशी वाढली नाही. त्यात या योजनेचा मोठा वाटा होता.

नेदरलँड्सने १९८२ च्या वासेनार करारात वेगळी देवाणघेवाण केली. संघटनांनी वेतनवाढीचा आग्रह सैल केला आणि मालकांनी तास कमी करण्यास मान्यता दिली. पुढे अर्धवेळ कामाचा प्रसार झाला. अर्धवेळ कामगाराला तासागणिक समान वेतन व हक्क मिळतात, हे तेथील वैशिष्ट्य होय. परंतु अर्धवेळ काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. वेळेबरोबर मिळकतही वाटली गेली आणि मिळकतीचा लहान वाटा स्त्रियांकडे आला, ही त्या प्रयोगाची मर्यादा आहे.

या सर्व देशांच्या खाली १९९३ च्या युरोपीय निर्देशाचा पाया आहे : जादा कामासह आठवड्याला सरासरी ४८ तासांहून अधिक काम नाही, चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती आणि वर्षाला चार आठवड्यांची भरपगारी रजा.

आपण काय घ्यावे

युरोपचा कोणताही नमुना उचलून इचलकरंजीत किंवा शिरोलीत बसवता येणार नाही. तेथे बहुतेक कामगारांची नोंद आहे, विमा आहे. आपल्याकडे अनेकांचे नाव हजेरीपटावरही नसते. तरीही एक गोष्ट चारही प्रयोगांतून दिसते. तास कमी करण्याचा निर्णय टिकला तो जेथे घटलेल्या मजुरीचा भार सरकार, मालक आणि कामगार यांनी वाटून घेतला तेथेच. सर्व भार एकाच्याच खांद्यावर टाकला की योजना कोसळते.

आपल्या राज्यात याच वेळी वारा उलट दिशेने वाहत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तास आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मान्यता दिली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असेही सांगण्यात आले. परंतु ज्याच्या हाताशी दुसरे काम नाही, त्याची संमती कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न उरतोच. एका बाजूला जादा तासांनी थकलेला कामगार आणि दुसऱ्या बाजूला आयटीआय करून रिकामा बसलेला त्याचाच मुलगा, हे चित्र आपल्या वस्त्यांना नवे नाही. त्या जादा तासांत कोणाचा तरी रोजगार अडकलेला असतो.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखान्यांत नोकरी करतात त्यांनी आपले तास लिहून ठेवावेत, हजेरी व वेतनचिठ्ठी जपावी आणि जादा कामाला दुप्पट दराने मजुरी हा कायद्याचा नियम आहे हे सहकाऱ्यांना सांगावे. जे स्वतः उद्योजक झाले आहेत त्यांनी तिसऱ्या पाळीचा हिशेब एकदा तरी कागदावर मांडून पाहावा. त्यात थकव्यामुळे बिघडणारे कापड आणि होणारे अपघातही धरावेत.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहपतिपुत्र सिगालाला मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : सेवकाच्या शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळोवेळी सुट्टी देणे. सेवकानेही काम चोख करावे, न दिलेले घेऊ नये, असे तेथेच सांगितले आहे. दोन्ही बाजूंना कर्तव्याने बांधणारी ही शिकवण विद्यार्थी येथे वंदनेच्या वेळी ऐकतात. उद्या त्यांच्यापैकी कोणी मागावर उभा राहील, कोणी मालकाच्या खुर्चीवर बसेल, तर कोणी कायदे करणाऱ्या सभागृहात जाईल. तेथेही कामाला मर्यादा आणि कामाची वाटणी ही दोन तत्त्वे त्यांनी सोबत न्यावीत, आणि त्यांच्या मुलांच्या पालकसभेला येणारा पिता पुरेशी झोप घेऊन यावा, अशी आमची मंगल कामना आहे.