अक्षरें कोठें राहत?

इ. स. १९६४ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें '२२६०' नांवाचें संगणकाचें पडदायंत्र काढिलें. पडद्यावर अक्षरांच्या १२ ओळी दिसत. पण पेटी उघडली तर तीं सांठविण्याची सोय तींत नाहींच! मग तीं राहत कोठें?

पेटीची केबल दुसऱ्या एका मोठ्या कपाटांत जाई. तेथें निकल धातूची सुमारें ५० फूट लांब तार वेटोळी करून ठेविलेली असे. तिच्या एका टोकास दिलेले सूक्ष्म कंप सेकंदाच्या सुमारें १८० व्या हिश्श्यांत दुसऱ्या टोकास पोंचत व लगेच पुन्हां पहिल्या टोकाकडे पाठविले जात. हा फेरा चालूं असे तोंवरच अक्षरें. तो थांबला कीं सर्व पुसलें!

म्हणून अपरिचित यंत्र अभ्यासतांना जें दिसतें तेथेंच न थांबतां तार धरून मुळापर्यंत जावें.