फी भरून वर्दी मिळत नाही

बारावीचा निकाल लागला की समुपदेशकांकडे तालुक्याच्या गावांतून ठरलेला प्रश्न येतो : "सर, पोराला कुठल्या पोलीस अकॅडमीत टाकू?" उत्तर ऐकून बरेच पालक खट्टू होतात. पहाटेची शिट्टी, वसतिगृह, कमानीवर कमांडोचं चित्र, सगळं असलं तरी ती संस्था म्हणजे भरतीची शिकवणी. तिथून कोणी पोलीस होऊन बाहेर पडत नाही.

खरं मूलभूत प्रशिक्षण निवड झाल्यावरच मिळतं. शिपाई खंडाळा, जालना, अकोला, तुरची अशा सरकारी प्रशिक्षण केंद्रांत जातो. एमपीएससीतून आलेला उपनिरीक्षक नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. तिथे फी नसते, उलट पगार सुरू झालेला असतो.

शिपाईपदाला बारावी पास लागतं. वय खुल्या गटात 18 ते 28, मागासवर्गीयांना 33 पर्यंत. उंची मुलांची 165 सेंटिमीटर, मुलींची 155. मुलांची छाती न फुगवता 79 आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. काही घटकांना सवलत आहे, पण शेत गहाण टाकण्याआधी पोराला भिंतीला उभं करून टेप लावायला काय हरकत आहे? एकशे त्रेसष्टचा मुलगा कोणत्याही मास्तरच्या रगड्याने पासष्टचा होत नाही.

दुसरी गफलत मैदानाची. मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक मिळून गुण 50. त्यात निम्मे मिळाले, तरी लेखीला एका जागेमागे दहाच जण बोलावतात. लेखी मात्र 100 गुणांची : अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. दिवसभर पळवून रात्री पेंगणाऱ्या पोरांना शेकडेवारी कधी शिकवणार, हे बापाने संस्थाचालकाला तोंडावर विचारावं.

आणि हिशेब साधा आहे. 2024 च्या भरतीत 17,471 पदांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले. एका जागेमागे शंभर. तरीही "आता वर्दीच" म्हणून दहावीनंतर पोरांचं कॉलेज नावापुरतं ठेवणारे पालक आहेत. भरती दरवर्षी वेळेवर निघत नाही. पोरगं अठ्ठावीसचं होतं, हाती पदवी नाही, आणि घरी रोज टोमणे. हा गुन्हा पोराचा नव्हे. पदवी चालू ठेवली तर उपनिरीक्षकाच्या परीक्षेचं दारही उघडं राहतं.

चालक शिपाई या पदाकडे अनेक घरांत कोणी पाहतच नाही. हलक्या वाहनाचा परवाना लागतो आणि गाडी चालवण्याची वेगळी चाचणी होते. घरच्या पिकअपवर हात बसलेल्या पोराला ती जड जाऊ नये, पण परवाना अर्ज भरण्याआधी हातात हवा. जाहिरात निघाल्यावर आरटीओत धावणाऱ्यांची तारीख हुकते. तयारीला पैसे नसतील तर बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या गटांतल्या उमेदवारांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षण मोफत देतात. त्यांच्या जाहिराती संकेतस्थळांवर येतात, आणि त्या वेळी जातीचा दाखला तयार असावा लागतो.