जावेचा चष्मा

ब्रिजमध्ये माझी भिडू म्हणजे माझी धाकटी जाऊ. पंधरा वर्षं आम्ही समोरासमोर बसतोय. ती पेचात पडली की तिचा चष्मा कपाळावर जातो. हे मला ठाऊक होतं. ठाऊक आहे हे मात्र क्लबातल्या एका डावापर्यंत कळलं नव्हतं.

त्या डावात मी १ इस्पिक बोलले. डावीकडच्या गृहस्थांनी थेट ४ बदामांवर उडी घेतली. जावेचा हात बोलीच्या पेटीकडे गेला, रिकामाच परत आला. चष्मा कपाळावर. दहा-बारा सेकंदांनी तिनं हिरवं ‘पास’ ठेवलं. उजवीकडूनही पास आला आणि मी ४ इस्पिक बोलले. दहा हात बरोबर झाले.

प्रतिस्पर्ध्यांनी डायरेक्टरला बोलावलं. ‘मी बोलणारच होते,’ मी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. डायरेक्टरनी माझे पत्ते आमच्याच तोडीच्या चौघांना दाखवले. जाऊ थांबली होती हे सांगितलं नाही. तिघांनी पास दिला. निकाल बदलून ४ बदामांचा झाला.

रात्री तो हात कागदावर मांडला. इस्पिकची पाच पानं, बारा गुण, दुसरा लांब रंग नाही. एवढ्यावर मी एरवी कधी चौथ्या पायरीवर गेले होते? एकदाही नाही.

ब्रिजचा १६वा नियम हेतू विचारत नाही. भिडूच्या बोलीतून आणि खेळलेल्या पानातून कळेल तेवढंच खेळाडूचं. थबकणं, सुस्कारा, कार्ड जोरात ठेवणं यातून मिळालेली माहिती वापरायची नाही. समोर दोन रास्त पर्याय असतील, तर त्या हालचालीनं सुचवलेला पर्याय निवडता येत नाही. विचार करायला वेळ घेणं हा मात्र गुन्हा नाही, म्हणून जावेची काही चूक नव्हती. प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावरून खुशाल अंदाज बांधावा, पण तो स्वतःच्या जबाबदारीवर.

१९७५ साली बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत भिडूंच्या मध्ये पहिल्यांदा पडदे लावले गेले. तरीही एका इटालियन जोडीतला खेळाडू टेबलाखालून भिडूच्या पायाला पाय लावताना दिसला. ते प्रकरण जगभर गाजलं. आमच्यासारखं नकळत होणारं कधीच गाजत नाही, आणि मला वाटतं, क्लबातला खेळ जास्त नासतो तो त्यानंच.

जोडी जितकी जुनी, तितकी ही काळजी जास्त घ्यायला हवी. डावीकडची बोली पडताच, भिडूकडे न बघता, ती पास म्हणाली तर आपण काय करणार हे मनाशी ठरवून टाकावं. नजर पत्त्यांवर किंवा बोलीच्या कार्डांवर ठेवावी. सोप्या बोलीलाही अवघड बोलीइतकाच वेळ घ्यावा. भिडूची लकब दिसली असेल तर खेळानंतर तिला सांगावं. मी सांगितलं तेव्हा जाऊ कानकोंडी झाली, पण रागावली नाही. आणि लकब दिसलीच, तर ती जिकडे ढकलते तिकडे जाऊ नये, बाकी सगळं तिकडेच बोट दाखवत नसेल तर.

दोन महिन्यांनी जवळपास तसाच डाव आला. मी पास दिला. ४ इस्पिक होत होते आणि काही टेबलांवर ते बोललेही गेले होते. चहाच्या वेळी गुणपत्रक बघता बघता जावेनं विचारलं, “ताई, माझा चष्मा पुन्हा वर गेला होता का हो?”