लुडविग मारुम : एक यहुदी कायदेपंडित

कोकणातील 'शनवार तेली' म्हणजेच बेने इस्रायल लोक आपणांस परके नाहीत. त्यांची मायबोली मराठीच होय. त्यांच्यापैकी डॉ. ई. मोझेस हे 1937 साली मुंबईचे महापौर झाले. त्याच सुमारास जर्मनीत यहुदी मनुष्यास वकिली करणेही दुरापास्त झाले होते. तेथील एका यहुदी वकिलाचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाचे आहे.

लुडविग मारुम यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1882 रोजी फ्रांकेन्थाल येथे झाला. कायद्याचे शिक्षण पुरे करून त्यांनी कार्ल्सरूह नगरात वकिली आरंभिली. समाजवादी लोकशाही पक्षातर्फे ते 1914 साली बाडेनच्या विधिमंडळात गेले. 1918 च्या राज्यक्रांतीनंतर तेथील न्यायमंत्री झाले. आणि 1928 पासून राइशस्टागचे, म्हणजे जर्मन लोकसभेचे, सभासद होते.

30 जानेवारी 1933 रोजी हिटलर अधिकारारूढ झाला. राइशस्टागच्या इमारतीस आग लागताच 28 फेब्रुवारीस एक हुकूम निघाला व नागरिकांचे व्यक्तिस्वातंत्र्य संपले. हा हुकूम राज्यघटनेच्याच 48 व्या कलमाच्या आधारे काढला होता, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. घटना मोडण्यास घटनेचेच कलम उपयोगी पडले! आता आरोप किंवा खटला यांवाचून कोणासही 'संरक्षणासाठी' म्हणून कोंडता येऊ लागले. मारुम यांना 10 मार्च रोजी धरले. लोकसभेच्या सभासदास अटकेपासून असलेले संरक्षण कोणी जुमानले नाही.

16 मे रोजी त्यांना व इतर सहा पुढाऱ्यांना उघड्या मोटारीत बसवून नगरातून मिरविले. आपल्या बाजारातून एखाद्या माजी मंत्र्याची अशी धिंड निघावी, तसाच तो प्रकार. सोबतचे आडाम रेमेले हे माजी मंत्री मूळचे पिठाच्या गिरणीतील कारागीर. म्हणून गिरणीवाल्याचे एक लोकगीत मुद्दाम वाजवून त्यांची थट्टा केली. मला ही थट्टा तुरुंगाहूनही हीन वाटते. तेथून सर्वांस किस्लाऊच्या छावणीत नेले.

29 मार्च 1934 च्या रात्री मारुम यांचा कोठडीतच गळा आवळून वध झाला. सरकारने आत्महत्या म्हणून जाहीर केले. परंतु लोकांनी ते मानले नाही. 3 एप्रिलच्या अंत्यविधीस, पाळत असूनही, मोठा जनसमुदाय लोटला. पुढे 1943 साली त्यांची धाकटी कन्या ब्रिगिटे हीही सोबिबोरच्या छावणीत मारली गेली.

खुनाचा खटला 1948 साली कार्ल्सरूह येथेच, ज्या नगरात मारुम यांनी वकिली केली तेथेच, चालला व मुख्य आरोपीस जन्मठेप झाली. त्या नगराजवळील फिन्त्सताल येथील एका माध्यमिक शाळेस आज मारुम यांचे नाव आहे.