वीसचा आकडा वाचून थांबू नका

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रम संहिता लागू झाल्या आणि १९४८चा कारखाना कायदा जाऊन त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता आली. तेव्हापासून कुपवाड, मिरज, तासवडे, शिरवळ इथल्या छोट्या कारखानदारांच्या कानावर एकच गोष्ट घातली जाते आहे: विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर गेली, आता तुम्ही सुटलात. असे सांगून फी घेणाऱ्या सल्लागारांचा मला राग आहे आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही. विरोध केला की ‘तुम्ही उगाच घाबरवता’ असे ऐकून घ्यावे लागते. पण कुणी कुणाला घाबरवत नाही. कायदा एका ओळीवर न थांबता पुढे वाचा, एवढेच माझे म्हणणे होते आणि आहे.

वीसचा आकडा खरा आहे. विजेशिवाय चालणाऱ्या कारखान्यासाठी तो चाळीस आहे. परंतु ही झाली ‘कारखान्या’ची व्याख्या. त्याच कलमात, तिच्या अगदी शेजारी, ‘आस्थापने’ची व्याख्या आहे: उद्योग, व्यापार, धंदा किंवा उत्पादन चालते आणि दहा किंवा त्याहून अधिक कामगार आहेत अशी जागा. ही दोन पोटकलमे एकापाठोपाठ वाचली की सुटकेची सगळी गोष्ट कोसळते. कारण मालकाची मुख्य कर्तव्ये सांगणारे कलम ६ फक्त कारखान्यापुरते लिहिलेले नाही. बारा माणसांची प्रेस-शॉप वीसच्या आत असली तरी आस्थापना आहेच. तिथली जागा इजा आणि आजाराच्या धोक्यापासून मुक्त ठेवणे, प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे, सरकार ठरवील त्या वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करणे आणि सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून न घेणे हे सगळे मालकाकडे येते. त्यातही केंद्राने एखादे काम घातक म्हणून अधिसूचित केले, तर दहाचा आकडासुद्धा उरत नाही. तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदला २०१५ साली शोभेच्या दारूच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले. अशा ठिकाणी माणसे किती, यावरून धोका मोजता येत नाही हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको.

आता शिक्षेकडे या, कारण सल्लागार नेमके हेच पान उलटत नाहीत. जुन्या कायद्यात सुरक्षेच्या तरतुदी मोडून मृत्यू झाला तर दंडाची खालची मर्यादा २५ हजार रुपये होती. नव्या संहितेत कर्तव्य न पाळल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. दंडाची निम्मी किंवा त्याहून अधिक रक्कम जखमीला किंवा मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते, आणि ही तरतूद मला पूर्णपणे रास्त वाटते. शिवाय १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आधी ती दोन वर्षे होती. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा साधारण कारखान्यांसाठी हजार कामगारांवरून पाचशेवर आली, घातक प्रक्रियेसाठी ती अडीचशे आहे. याला सैल कायदा म्हणायचे कसे? सैल झाली ती तपासणी. निरीक्षक आता मार्गदर्शकही झाला आणि कुणाकडे तपासणीला जायचे हे संगणक ठरवणार. अपघाताआधी कुणी दारात येणार नाही आणि अपघातानंतर मात्र सगळे येतील, ही रचना मला पटत नाही. पण ती आहे तशी ओळखून वागणे भाग आहे.

‘इन्स्पेक्टरची कटकट गेली ना, मग झाले,’ हा पहिला आक्षेप. कडेगाव तालुक्यातल्या शाळगाव-बोंबाळेवाडी औद्योगिक वसाहतीत २१ नोव्हेंबर २०२४ रोजी खतनिर्मितीच्या कारखान्यात वायुगळती होऊन तिघांचा जीव गेला, नऊ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मृतांत दोन महिला कामगार होत्या आणि एक सुरक्षारक्षक होता. वायू हजेरीपत्रक बघत नाही, फाटकावरचा माणूस उत्पादनात मोजला जातो की नाही हेही बघत नाही. पुढे बरोबर एका वर्षाने संहिता लागू झाली, हा योगायोग. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: कामगारच निष्काळजी असतात, गार्ड काढून ठेवतात. हे घडते. संहितेने कामगारावरही कर्तव्ये टाकली आहेत. पण गार्ड निघतो तो नगांचा आकडा गाठण्यासाठी, आणि तो आकडा ठरवतो मालक. तिसरा आक्षेप खर्चाचा. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी बटणे बसवायला पैसे लागतात, हे खरेच. ते कापलेल्या बोटांच्या भरपाईशी ताडून पाहावेत.

करायचे काय? नोंदी नीट ठेवा, आग विझवण्याची साधने तपासा, हे सगळेच सांगतात. मी एका गोष्टीवर अडून बसेन. साखर कारखान्यातली मळीची टाकी असो की सांडपाण्याची, आतली हवा मोजल्याशिवाय आणि बाहेर दोर धरून माणूस उभा केल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नका. पहिल्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. ठेकेदाराच्या माणसांबाबतही सावध राहा. कंत्राटी कामगारांसाठीची मर्यादा वीसवरून पन्नास झाली म्हणून तुमच्या छताखाली काम करणारी माणसे परकी होत नाहीत. आणि पुणे-बंगळुरू महामार्गावरून दुचाकीने कामावर येणाऱ्यांचा विचार करा. येता-जाता झालेल्या अपघाताचा नोकरीशी संबंध दिसला, तर सामाजिक सुरक्षा संहितेनुसार तो कामावरचाच अपघात धरला जातो. पाळीची वेळ वाढवताना हे ध्यानात असू द्या.

जुने नियम संहितेशी विसंगत नाहीत तोवर चालू आहेत, तेव्हा नियमांची वाट पाहतो हे कारणही टिकणारे नाही. ‘वीसच्या आत काही लागत नाही’ असे कुणी सांगितले, तर ते त्याच्या सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. एवढा ठाम सल्ला देणाऱ्यांपैकी कुणी ते लिहून द्यायला तयार होत नाही.