कुलाबा आणि फोर्ट, उन्हाच्या चालीने

मुंबईचा समुद्र म्हटलं की पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे सूर्यास्त येतो आणि तिथेच कुलाब्याचा बेत फसतो. गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह, दादर, जुहू हे सगळं पश्चिमेला. गेटवे ऑफ इंडियाची कमान मात्र बंदराकडे, पूर्वेला तोंड करून उभी आहे. संध्याकाळी सहाला तिथे पोचलेल्या माणसाच्या वाट्याला गर्दी, फुगेवाले आणि काळवंडत जाणारं पाणी येतं. म्हणून इथला दिवस उन्हाच्या चालीने लावायचा: सकाळ पाण्याजवळ, भर दुपार छपराखाली, खरेदी उन्हं उतरल्यावर आणि जेवण सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. एखादं ठिकाण गाळलंत तरी चालेल, पण क्रम बदलू नका.

१. वार आणि हंगाम

मंगळवार ते शनिवार यांतला कुठलाही वार घ्या. सोमवारी आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय बंद असतं. रविवारी फोर्टातली बरीचशी दुकानं कुलपात असतात आणि गेटवेवर अख्खा महाराष्ट्र लोटलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून-जुलैत यायचं असेल तर पुढची दुसरी पायरी सरळ गाळा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ससून डॉक थंड पडलेलं असतं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचही समुद्राच्या मर्जीवर सुटतात.

सोबत एक घडीची कापडी पिशवी, पाण्याची बाटली, थोडे सुटे पैसे. पायात जुनी, न घसरणारी, पाण्याने खराब न होणारी चप्पल. नवे पांढरे बूट घालून आलात तर पहिल्या तासाभरातच पस्तावाल.

२. ससून डॉक, उजाडायच्या आत

पहाटेच्या लोकलने सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरा आणि टॅक्सीला सरळ 'ससून डॉक' सांगा. या वेळी रस्ते मोकळे असतात, त्यामुळे फार वेळ लागत नाही. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत धावते, पण मासळीचा लिलाव तिची पहिली गाडी यायची वाट बघत नाही.

अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी १८७५ साली बांधलेली ही गोदी. आज इथे राज्य मासळीचं आहे. साडेपाचला आत शिरलात की बोटींवरून टोपल्या एकेक करत हातोहात धक्क्यावर येताना दिसतात. बर्फाचा चुरा, डिझेलचा वास, हातगाड्यांची ढकलाढकली आणि या सगळ्यावर चढलेला कोळणींचा आवाज. लिलाव बघायचा तर एका कडेला, खांबाला पाठ लावून उभं राहा. आकडे इतक्या झपाट्याने चढतात की पहिले चार-पाच सौदे कळतच नाहीत. मग हळूहळू कान सरावतो, कोण बोली लावतंय आणि कोण नुसतंच बघतंय ते उमगायला लागतं. पापलेट आणि सुरमईभोवती घोळका असतो. मांदेली-बोंबलांचे ढीग कडेला असतात आणि पलीकडे बायका ओळीने बसून कोळंबी सोलत असतात, तीही अशा वेगाने की नजर ठरत नाही.

इथले नियम थोडे पण पक्के आहेत. गोदीत फोटो काढायला मनाई आहे, मोबाइल खिशातच ठेवा. मागून 'बाजूला व्हा' अशी हाळी आली की वळून न बघता आधी बाजूला व्हा, कारण मागे भरलेली हातगाडी असते. घ्यायचं नसेल तर भाव विचारू नका. मावशींचा वेळ इथे खरोखरच पैशांत मोजला जातो. आणि मासे घ्यायचा मोह आवरा. पुढे अख्खा दिवस पडलाय आणि पापलेट संध्याकाळपर्यंत तुमच्या पिशवीत तग धरणार नाही.

लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी मंडळी सोबत असतील तर ही पायरी सोडून थेट गेटवेला या. ओल्या फरशीवर पाय घसरला तर दिवस तिथेच संपेल.

३. पाण्याच्या कडेने कमानीपर्यंत

डॉकमधून बाहेर पडून कुलाबा कॉजवेने उत्तरेकडे चालू लागा. दुकानांची शटर खाली असतात, म्हणून नजर आपोआप वरच्या मजल्यांवर जाते. लाकडी सज्जे, खुसरो बाग ही पारशांची वसाहत, जुन्या इमारतींचे गोलावलेले कोपरे हे सगळं संध्याकाळी फेरीवाल्यांच्या छत्र्यांमागे दडतं. वाटेत उजवीकडे वळून रेडिओ क्लबपाशी समुद्राला भिडा आणि तिथून कठड्याच्या कडेने ताजच्या दिशेने चाला. गेटवेला मागच्या चौकातून येण्यापेक्षा ही वाट कितीतरी चांगली. डाव्या हाताला जुन्या इमारती, उजव्या हाताला नांगरलेल्या होड्या, आणि सूर्य बंदरावर येऊ लागलेला.

ताजमहाल हॉटेल १९०३ चं, म्हणजे कमानीपेक्षा एकवीस वर्षांनी थोरलं. त्याचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पूर्ण केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. 'हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि म्हणून वास्तुविशारदाने जीव दिला' ही कथा तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवेलच. ऐकून घ्या आणि सोडून द्या. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं एवढंच त्यात खरं. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे.

कमानीचंही गंमतशीर आहे. १९११ साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले त्याची ही आठवण, पण ते उतरले तेव्हा कमान नव्हतीच. पायाभरणी १९१३ ची आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. पुरती चोवीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून निघून गेली. समोरच्या बागेतला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी उभा राहिला.

सकाळी जमिनीवरून कमानीचा फोटो काढू नका, सूर्य तिच्या मागे असतो आणि हाती काळी सावली येते. तो दुपार कलल्यावर काढा. सकाळचं ऊन तिच्या समुद्राकडच्या अंगावर पडतं, आणि ते बघायचं असेल तर पाण्यात उतरायला हवं.

४. लाँचची छोटी फेरी

आधी खाऊन घ्या. सामिष चालत असेल तर कॉजवेवरच्या ऑलिंपिया या जुन्या इराण्याकडे खिमा-पाव आणि चहा. सकाळचा खिमा ही तिथली खरी ओळख. शाकाहारी मंडळींनी आतल्या गल्लीतलं एखादं उडपी गाठावं.

मग पुन्हा गेटवे. घारापुरीला जायचा मोह इथे होतो. तिकडे पोचायलाच तासभर, वर पायऱ्या, वर लेणी, पुन्हा तासभर परत. घारापुरीला वेगळा दिवस द्या, आणि तो सोमवार नसावा, कारण सोमवारी लेणी बंद असतात. सदाशिवाच्या त्या वीसेक फुटी मूर्तीसमोर घड्याळ बघत उभं राहण्यात काही अर्थ नाही. आज फक्त बंदरातली छोटी फेरी घ्या.

तिकीट खिडकीवरच काढा, फुटपाथवर 'बोट, बोट' करत मागे लागणाऱ्यांकडून नको. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे घेतात, ते द्यायला हरकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीकडे निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं बुडाली, तेव्हापासून लाइफ जॅकेटची सक्ती आहे. उकडतं म्हणून ते मांडीवर घेऊन बसू नका, अंगात घाला आणि पट्टे आवळा.

जागा धरायची ती मागच्या टोकाला. सगळे पुढे धावतात, पण बघण्यासारखं सगळं मागे राहत असतं. किनारा सुटला की डावीकडे ताजचा घुमट, त्याला लागून १९७० च्या दशकातला उंच टॉवर, उजवीकडे उन्हात पिवळी झालेली कमान. ती बेसॉल्टची आहे, आणि हा पिवळा रंग सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांतच खुलतो. उत्तरेला नौदलाच्या युद्धनौका दिसतील, तिकडे कॅमेरा वळवू नका.

५. छपराखाली: संग्रहालय आणि काळा घोडा

सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं दार उघडतं. तेव्हाच आत शिरा, शाळांच्या सहली नंतर येतात. वस्तू बघण्याआधी बागेत उभं राहून इमारत बघा. घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवरचा, आणि वास्तुविशारद जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवेचाच. परळचं केईएम रुग्णालयही त्याचंच. इमारत पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून १९२२ साली खुली झाली.

सगळी दालनं बघायला जाल तर एकही नीट बघून होणार नाही. तीन निवडा: तळमजल्यावरची शिल्पं, लघुचित्रं, आणि टाटा बंधूंनी, रतन आणि दोराबजी यांनी, दिलेला संग्रह. मीरपूर खासच्या बौद्ध स्तूपातली भाजक्या मातीची शिल्पं चुकवू नका. स्वच्छतागृह इथलंच वापरून घ्या, पुढे फोर्टात शोधाशोध होते.

समोर जहांगीर कलादालन, १९५२ चं, प्रवेश फुकट. चित्रं कधी थोर असतात, कधी अगदीच सुमार. पण बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात, तिथे गप्पा मारायला मजा येते. आतलं समोवार हे उपाहारगृह २०१५ साली बंद झालं. मुंबईची एक पिढी अजून त्याच्या नावाने उसासे टाकते. ज्या घोड्यावरून या भागाला नाव पडलं, तो स्वारासकट राणीच्या बागेत गेला. इथे आता आहे तो २०१७ मध्ये बसवलेला, बिनस्वाराचा.

६. बॅलार्ड इस्टेटला दुपारचं जेवण

साडेबाराच्या आत ब्रिटानिया गाठा, एकनंतर कचेऱ्यांतली गर्दी होते. १९२३ पासून चालू असलेलं हे पारशी-इराणी उपाहारगृह. मागवायचा तो बेरी पुलाव. भातावर पसरलेल्या लालचुटुक आंबट बेरी इराणहून येतात. सोबत लिंबू-सोडा किंवा रासबेरी आणि शेवटी कॅरमल कस्टर्ड. एका पुलावात दोन बेताचं खाणाऱ्यांचं भागतं, म्हणून आल्या आल्या माणशी एक मागवू नका. मासे हवे असतील तर फोर्टात महेश लंच होम आहे. पण बॅलार्ड इस्टेटचे शांत, सावलीचे रस्ते जेवणानंतर चालायला मिळतात, आणि हा सगळा भागही विटेटच्याच देखरेखीखाली उभा राहिलेला.

तिथून हॉर्निमन सर्कलची बाग आणि एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या. पायऱ्यांवर बसा, कोणी उठवत नाही. मग हुतात्मा चौकाकडे निघा. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. मराठी माणसाने इथे घटकाभर थांबावं, पाटी वाचावी. दादाभाई नवरोजी मार्गावर कमानींखालून जाणारा फुटपाथ आहे, ऊन आणि पाऊस दोन्हीसाठी केलेला. चालायचं तिथूनच. पुस्तकांसाठी सोमय्या भवनातलं किताबखाना गाठा, मराठी पुस्तकंही ठेवतात.

७. खरेदी, चार वाजल्यानंतर

कॉजवेला परत या. खरेदी शेवटी ठेवायची ती पिशव्यांचं ओझं दिवसभर वाहावं लागू नये म्हणून. रीगल सिनेमाच्या चौकातून शिरा आणि पहिली चक्कर काहीही न घेता मारा. तोच झुमका दहा ठिकाणी टांगलेला असतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की भाव करायला बळ येतं. मग मनात किंमत ठरवा, ती एकदाच सांगा आणि चालू लागा. बोलावलं तर ठीक, नाही बोलावलं तर तुमचा आकडा कमी होता असं समजा आणि पुढच्याकडे थोडा चढवा. घासाघीस पाच-दहा रुपयांवर आली की सोडून द्या. उन्हात दिवसभर उभा असलेला तो आहे.

घ्यावं काय? ऑक्सिडाइज्ड कानातली, सुती कुर्ते, कापडी पिशव्या. घेऊ नये काय? 'जुनी' पितळी दुर्बीण आणि होकायंत्र. त्यावर लंडन कोरलेलं असलं तरी माल नवा असतो. शोभेसाठी घ्या, पण जुन्याची किंमत देऊ नका. कोल्हापुरीही इथे नको, कोल्हापूरच्या माणसाला दाखवायची हिंमत होणार नाही. घासाघीस जमत नसेल तर गेटवेजवळच्या सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियममध्ये ठरलेल्या भावाने घ्या.

कमानीचा जमिनीवरून फोटो राहिला असेल तर आता ऊन शहराच्या बाजूने आहे, पाच मिनिटांत उरका. छापील फोटो देणाऱ्या फोटोवाल्याकडे आधी आकडा आणि प्रती ठरवून घ्या.

८. रात्रीचं खाणं आणि परतीची गाडी

निवांत बसायचं असेल तर १९३२ चं कॅफे माँडेगर. भिंतींवरची मारिओ मिरांडांची चित्रं एकेका माणसानिशी बघण्यासारखी आहेत. लिओपोल्ड कॅफेमध्ये २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा आहेत, लोक तिथे त्या बघायला जातात. मला तिथे जेवण गोड लागत नाही, तुमचं तुम्ही ठरवा. ताजच्या मागे बडेमियाँ, १९४६ पासून. शीगकबाब किंवा बैदा रोटी घ्यायची आणि उभ्याउभ्या खायची. शाकाहाऱ्यांनी पहिल्या पास्ता लेनमध्ये कैलास पर्बत शोधावं, सिंधी पद्धतीचं चाट मिळतं.

साडेसहा ते साडेआठ या वेळात स्टेशनकडे फिरकू नका, कचेऱ्या सुटलेल्या असतात. जेवण आटोपून नऊनंतर सीएसएमटीला जा. इमारतीवर दिवे लागलेले असतात, आणि गाडी तिथूनच सुटत असल्याने धीमी धरलीत तर खिडकी मिळायची शक्यता बरीच. पश्चिमेकडच्यांनी चर्चगेट. तेही सुरुवातीचंच स्टेशन.